न धुतलेला रोल

लाल पेन्सिलीने गोल करून झाल्यावर मला कळलं की ते बाबा आहेत. आधी गोल, मग बाबा. हा क्रम आता मरेपर्यंत बदलणार नाही. रविवारची दुपार होती. बाथरूमच्या दाराशी स्टूल टाकून मी बसलो होतो आणि मांडीवर नुकतंच वाळलेलं कॉन्टॅक्ट शीट होतं, म्हणजे रोलमधली छत्तीसच्या छत्तीस चित्रं टपालाच्या तिकिटाएवढी छापलेला एकच कागद. डोळ्याला भिंग लावून मी एकेका चौकटीवरून सरकत होतो. एकवीस, काही नाही. बावीस, हललेलं. तेवीस, चोवीस, बरी. पंचविसावर आलो आणि हाताने आपोआप पेन्सिल उचलली. गर्दीतले सगळे चालताहेत, सगळे जरा जरा पुसट, आणि मधोमध एक म्हातारा माणूस ताठ उभा, तेवढा एकटाच स्वच्छ. दोन्ही हात बाजूला, अंगात स्वतःच्या मापाचं नसलेलं जाकीट, शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं, नजर सरळ भिंगातून माझ्याकडे. "सापडलं," असं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा. गोल केला. गोलाशेजारी माझ्या पद्धतीप्रमाणे एक छोटी चांदणी काढायला घेतली. चांदणी म्हणजे हे मोठं करून छापायचं. चांदणीचं शेवटचं टोक काढताना ते बटण मला ओळखू आलं. चेहरा नाही, बटण.

फोटो काढून घ्यायचा म्हटलं की बाबा गळ्याचं बटण लावायचे. एरवी ते कायम उघडं. बस स्थानकावर माईकपुढे बसून गाड्या पुकारायची त्यांची नोकरी होती, गळ्याला मोकळीक लागायची. पण कुणी कॅमेरा काढला रे काढला, की हातातलं काम ठेवून ते आधी बटण लावायचे, मग दोन्ही हात बाजूला सोडायचे आणि श्वास रोखून उभे राहायचे. ताईच्या लग्नात फोटोवाला म्हणाला होता, "काका, जरा सैल व्हा, अटक करायला नाही आलो." सगळा मांडव हसला, बाबा सोडून. ताई आणि मी लहानपणी त्यांची नक्कल करायचो, गळा आवळून, डोळे वटारून, एकमेकांसमोर ताठ उभे राहून, आणि जो आधी हसेल तो हरला. ताई नेहमी हरायची.

मी उठलो आणि नळ सोडला. का सोडला कोण जाणे. पाणी नुसतं वाहत होतं आणि मी बोटं त्याखाली धरून उभा होतो. बोटांना फोटो धुण्याच्या औषधाचा आंबट वास होता आणि हात माझे वाटत नव्हते. बायकोने आतून विचारलं, "झालं का? मोकळं कर आता बाथरूम." मी "झालं" म्हणालो. आवाज नेहमीसारखाच निघाला याचीही मला भीती वाटली. मग परत बसलो, भिंग लावलं, आणि मनाशी म्हणालो, शक्यच नाही. हा रोल मी परगावी कामाला गेलो होतो तिथला, बाबा कशाला जातील त्या शहरात? त्यांच्या गावापासून ते आठ तासांवर. त्यांची तिथे कुणाशी ओळख ना देख. निवृत्त झाल्यापासून बाजाराच्या पलीकडे गेले नव्हते. आणि आता तर त्यांना जाऊन सात महिने झाले होते. दुसराच कुणी असेल. म्हाताऱ्या माणसांचे चेहरे एका वयानंतर एकमेकांसारखे होतात, हे मीच लोकांना ऐकवतो. मी पुन्हा पाहिलं. जाकीट ताईच्या नवऱ्याचं होतं. उजव्या खिशाचं झाकण आत दुमडलेलं, जसं त्याचं कायम असतं. बाबा त्यात बुडाले होते. गाल आत गेलेले. माझ्या बापाच्या तोंडाकडे मी भिंगातून, एखाद्या किड्याकडे बघावं तसा बघत होतो, आणि ते माझ्याकडे बघत होते.

मी लिफ्ट तपासतो. नवी बसवली, जुनी दुरुस्त केली, की तिला माणसं वाहायला परवानगी द्यायची की नाही हे माझ्या सहीवर ठरतं. त्यापायी महिन्यातले पंधरा दिवस मी परगावी असतो. दिवसभर लिफ्ट वरखाली जाते त्या काळोख्या खोबणीत विजेरी घेऊन दोरांचे पीळ तपासायचे, संध्याकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडायचं. बावीस वर्षं झाली. ओळखीच्या गावात मी कधी फोटो काढत नाही. अनोळखी रस्ता, अनोळखी माणसं, त्यांना कळायच्या आत. माझे काही नियम आहेत आणि ते नियम मला माझ्या नोकरीइतकेच पक्के वाटत आले. कॅमेरा पोटाशी धरायचा, डोळ्याला लावायचा नाही. माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही. उजेडाकडे बघायचं, अंतर मोजायचं, बटण दाबायचं. नजरानजर झाली की माणूस मेला, उरतो तो फोटो काढून घेणारा. कुणी हात वर केला, कुणी हटकलं, की हसायचं, वळायचं आणि चालू पडायचं. मागे वळून बघायचं नाही, वाद घालायचा नाही. फक्त जाता जाता, कॅमेरा काखेखालून मागे करून, क्षणभर थबकून एकदा न बघता दाबायचं. ती मागची चौकट म्हणजे माझी खासियत. चिडलेला, गोंधळलेला, तोंडातले शब्द तोंडात राहिलेला माणूस तिच्यात फार छान येतो. ओळखीतल्या लोकांसमोर मी हे मिटक्या मारत सांगत आलोय. आणि शेवटचा नियम, रोल वर्षभर धुवायचा नाही. काढल्या काढल्या पाहिलं की आपण त्या दिवसाच्या प्रेमात असतो, त्या दिवशी काय खाल्लं, किती चाललो, कोण आवडलं, ते सगळं फोटोला चिकटलेलं असतं. वर्षाने ते गळून पडतं. मग कोरड्या डोळ्याने निवडता येतं. डबीवर तारीख लिहायची, कपाटाच्या खालच्या खणात टाकायची आणि विसरून जायचं. आज सकाळी मी तारीख बघून डबी काढली होती. वर्षाला दोन दिवस जास्तच झाले होते.

तो दिवस मला आठवायला लागला आणि आठवू नये असं वाटायला लागलं. काम दुपारीच संपलं होतं. लॉजवरून बॅग घेऊन मी निघालो होतो, साडेपाचला माझी परतीची गाडी होती, हाताशी एक तास. लॉजसमोरच बस स्थानक, त्यापुढे मोठा चौक, आणि त्या वेळी उन्हाचा एक आडवा पट्टा बसच्या दारावर पडत होता. दारातून उतरणारा प्रत्येक माणूस पायरीवर एक क्षण उजळायचा आणि खाली उतरला की विझायचा. मी त्या पट्ट्यावर टपून बसलो. लोक उतरत होते, मी दाबत होतो. मग त्या गर्दीतून कुणाचा तरी हात वर झाला. एवढंच मला दिसलं होतं, बाही आणि हात, आणि कुणीतरी "अरे" म्हणालं. एकदाच. पाठोपाठ बसचा हॉर्न. मी मनात म्हटलं, आला एक वादावादी करणारा. हसलो, म्हणजे ओठ ताणले, वळलो, काखेखालून एक चौकट मारली आणि गल्लीत शिरलो. गल्लीत शिरल्यावर चक्क धावलो. बॅग पाठीवर आपटत होती आणि मला मजा वाटत होती. चोरून आंबे पाडल्यावर पोरं पळतात तशी मजा. शेचाळीस वर्षांचा घोडा मी, पळता पळता हसत होतो.

तेवीस नंबरच्या चौकटीत हात खांद्याच्या वर आहे आणि तोंड उघडं आहे. ते हटकणं नाही. हे कुणालाही दिसेल, भिंगाशिवाय दिसेल. आपलं माणूस दिसल्यावर होतो तसा चेहरा आहे तो, लांबचा प्रवास करून उतरल्या उतरल्या पहिल्यांदा तेच दिसल्यावर होतो तसा. चोवीसमध्ये हात खाली येतोय, गळ्याशी पोचलाय, चेहऱ्यावरचं हसू अर्धं राहिलंय. आणि पंचवीस. पंचवीसमध्ये त्यांनी बटण लावलंय आणि ते उभे आहेत. मुलगा पाठ फिरवून चाललाय हे त्यांना दिसतंय. त्याच्या काखेखाली कॅमेरा आहे आणि त्याचं तोंड आपल्याकडे आहे, हेही दिसतंय. त्यांना वाटलं असेल, माझा मुलगा माझा फोटो काढतोय. मग हाक कशाला मारायची? फोटो होऊ दे. नाहीतर त्यांना वाटलं असेल, याने मला पाहिलं आणि हा निघाला. कुठलं खरं, ते त्या चेहऱ्यावरून मला कळत नाही. चेहरे वाचतो म्हणून मिरवणारा मी, बापाच्या एका चेहऱ्याशी येऊन ठेचकाळलो. सव्विसाव्या चौकटीत गल्लीतलं एक सायकलचं दुकान आहे.

दुसऱ्यांदा हाक मारली असती तर मी नक्की वळलो असतो. तो आवाज मी ओळखला नसता असं होणंच नव्हतं. अख्खं गाव तो आवाज ओळखायचं. पण बाबांनी घरी कुठलीच गोष्ट कधी दोनदा सांगितली नाही. स्थानकावर प्रत्येक गाडी दोनदा पुकारावी लागायची, तसा नियमच होता, आठ तास सगळं दोनदा. घरी आले की म्हणायचे, "माझं दोनदा बोलणं तिकडे संपलं. इथे एकदाच सांगणार, ऐकायचं तर ऐका." जेवायला एकदा हाक. अभ्यासाला एकदा. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी ते दारातून एकदाच "शाब्बास" म्हणाले आणि मी रेडिओच्या आवाजात ऐकलं नाही. ताईने नंतर सांगितलं म्हणून कळलं. मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "परत म्हणा ना." ते नुसते हसले. त्या चौकात, हॉर्नच्या आधी, त्यांनी मला एकदा हाक मारली. ठरलेल्या हिशेबाप्रमाणे.

आणि आता ताई. सात महिने मी ताईशी बोललेलो नाही. बाबा गेले त्या दिवशी मी पोचलो तेव्हा सगळं आटोपत आलं होतं. पोटातल्या गाठीचं त्यांना पाच महिन्यांपूर्वी कळलं होतं, ताईला कळलं होतं, तिच्या नवऱ्याला, शेजाऱ्यांना, औषधाच्या दुकानदारालासुद्धा, मला नाही. दर रविवारी सकाळी दहाला मी फोन करायचो, बाबा उचलायचे, "ठीक" म्हणायचे, तीन मिनिटांत ठेवायचे. शेवटी शेवटी आवाज बारीक झाला होता, मी विचारलं तर म्हणाले सर्दी आहे. लोक गेल्यावर स्वयंपाकघरात मी ताईला धरलं. "मला एका शब्दाने कळवलं नाहीस? मी कोण लागतो या घराचा?" ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. वळली आणि म्हणाली, "तुला माहीत होतं." मी म्हणालो, "काय माहीत होतं?" "आता नाटकं नको करूस. पाच महिने होते तुझ्याकडे. एकदा येऊन बसला असतास त्यांच्यापाशी, काही झिजला नसतास." मी तिला खोटारडी म्हणालो. आणखीही बरंच म्हणालो. स्वतःची चूक झाकायला माझ्यावर ढकलतेस, म्हणालो. तिचा नवरा मध्ये पडला. त्याच रात्री मी निघून आलो. सात महिने ही गोष्ट मी बायकोला, मित्रांना, लिफ्टच्या ठेकेदारांना तिखटमीठ लावून सांगत आलो: सख्ख्या बहिणीने बापाचं आजारपण लपवलं. सगळे च्‌ च्‌ करायचे. मला ते आवडायचं.

बायको पदराला हात पुसत दारात आली. "अरे, नळ चालू ठेवलायस. काय झालं? असा का बसलायस?" मी तिच्यापुढे कागद धरला. तिने भिंग घेतलं, वाकली. "हा गोल केलेला? मस्त आलाय," ती म्हणाली. मग तिचा हात थांबला. "बाबा आहेत हे," ती हळूच म्हणाली. "हा कुठला फोटो? आपल्याकडे नव्हता हा." तिला एका क्षणात दिसले. बावीस वर्षं फोटो काढणारा मी, त्या दिवशी त्यांच्यापासून चार हातांवर उभा होतो आणि मला दिसले नव्हते.

मग मला तो फोन आठवला. त्या दौऱ्यानंतरचा दुसरा की तिसरा रविवार. "ठीक" झालं, हवापाणी झालं, आणि बाबा म्हणाले, "ते फोटो धुतलेस का रे? बस स्टँडवरचे वगैरे?" बस स्टँडवरचे! त्यांना कसं ठाऊक, हा प्रश्न मला पडला नाही. बाबा माझ्या फोटोंविषयी आपणहून विचारताहेत याचंच मला एवढं अप्रूप, की मी भाषण ठोकलं. वर्षभर धूत नाही, कोरडा डोळा, माया गळून पडते, सगळं. ते ऐकत होते. "वर्ष?" म्हणाले. मग थोडं थांबून, "वर्ष म्हणजे जरा लांबच झालं." मी हसलो. मी त्यांना म्हणालो, "तुम्हाला कसली घाई आहे?" हे माझं वाक्य आहे, शब्दाला शब्द हेच. पलीकडे त्यांनी श्वास घेतला, जसा माईकचं बटण दाबायच्या आधी घ्यायचे. मला वाटलं काहीतरी सांगणार. म्हणाले, "नाही, घाई कसली. चांगला आला तर मोठा करून दे एक." "काय चांगला आला तर?" "काही नाही. चल, तीन मिनिटं झाली."

म्हणजे मी पाहिलं नाही हे त्यांना त्या रविवारी कळलं. आणि त्यांनी सांगितलं नाही. सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं की, मी आलो होतो आणि तू पळालास. ते त्यांनी रोलवर सोडलं. रोल कपाटाच्या खालच्या खणात होता. मी त्यावर स्वच्छ अक्षरात तारीख लिहिली होती.

मी ताईला फोन लावला. बायको शेजारी उभी होती, तिला म्हटलं तू जा, मग म्हटलं नको, थांब. पाच-सहा घंट्या झाल्या. "बोल," ताई म्हणाली. सात महिन्यांनी, एवढंच.

"बाबा मला भेटायला आले होते का? गेल्या वर्षी?"

"आत्ता विचारतोस हे?"

"परत आल्यावर काय म्हणाले, तेवढं सांग."

मग ती बोलली, सगळं एका दमात. "कळल्याच्या दुसऱ्या दिवशी निघाले. मी म्हटलं फोनवर सांगा, तर म्हणाले असलं फोनवर नाही सांगायचं, समोर बसून सांगायचं. तू रविवारी फोनवर लॉजचं नाव सांगितलं होतंस, तिथे यांचं जाकीट घालून गेले. दुसऱ्या दिवशी परत. भेटला म्हणाले. घाईत होता, पण भेटला. बारीक झालाय, खाण्यापिण्याकडे लक्ष नाही म्हणाले. त्याला सगळं सांगितलंय, आता कुणी फोन करून त्याच्या मागे लागू नका, येईल तो आपणहून. बास. एकदा सांगितलं, विषय संपला. तुला माहितीये त्यांचं. मी वाट बघत बसले. दर रविवारी तुझा फोन यायचा आणि मला वाटायचं, आज येतो म्हणेल. शेवटी मी फोनजवळ थांबायचंच सोडलं. इतका राग यायचा तुझा. आणि ते शेवटी शेवटी काहीतरीच बोलायचे. रोल धुतला की येईल तो, म्हणायचे. आम्हाला वाटायचं औषधाने होतंय. कसला रोल रे?"

इथे मला थांबता आलं असतं. मी एवढंच म्हणालो असतो, की त्यांनी मला काहीही सांगितलं नव्हतं, मला माहीतच नव्हतं, तर ते खरं होतं. ताई रडली असती, माफी मागितली असती, आणि स्वयंपाकघरातलं माझं सगळं बोलणं बरोबर ठरलं असतं. वाक्य जिभेवर तयार होतं. भिंग माझ्या हातात होतं आणि बायको माझ्याकडे बघत होती. मला माझी फार किळस आली.

मी सांगितलं. चौक सांगितला, बसचं दार, वर झालेला हात, एक हाक, आणि आज धुतलेल्या रोलमधला त्यांचा फोटो. मी बघितलं नाही, म्हणालो, बघायचं नसतं असा माझा नियम आहे. मी पळालो, ताई. मी हसत पळालो. ते काय सांगायला आले होते ते मी त्यांना सांगूच दिलं नाही. त्यांनी तुला खोटं सांगितलं. माझी बाजू राखायला सांगितलं. आणि मी तुला खोटारडी म्हणालो.

पलीकडून काहीच आलं नाही. ओट्यावर काहीतरी उकळत असल्याचा आवाज तेवढा होता. मी "ताई" म्हणालो. एरवी मी फोन ठेवला असता. ठेवून मोकळं व्हायची मला सवय आहे. हात तसा खाली यायलाही लागला होता. तो मी परत वर नेला.

"ताई," मी दुसऱ्यांदा म्हणालो.

"ऐकतेय." तिचा आवाज ओला होता. नाक ओढून ती म्हणाली, "कसे आलेत?"

मी कागदाकडे पाहिलं. लाल गोल तसाच होता, चांदणीचं एक टोक राहिलं होतं.

"बटण लावलंय," मी म्हणालो.